मामाजींची कपाटं मी रंगवली तेव्हा

आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांना अकरा दारं आहेत. ही गोष्ट मला लग्नानंतर सव्वीस वर्षांनी कळली, आणि तीही बारावं दार हातात धरून उभा असताना!

ही कपाटं माझ्या सासऱ्यांनी केलेली. आमच्याकडं सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजी कटंगीचे, जन्मभर सुतारकाम केलेले. आम्ही बालाघाटला हे घर बांधलं तेव्हा ते हत्यारांची पेटी घेऊन बसनं आले, महिनाभर आमच्याकडं राहिले आणि ओट्याच्या खाली, वर, शिवाय खिडकीच्या बाजूला अशी सागवानाची कपाटं करून गेले. तेव्हा ती मधासारखी पिवळी दिसायची. मग पंचवीस वर्षं त्यांच्यासमोर फोडण्या बसल्या, वांगी भाजली गेली, पापड तळले गेले, आणि कपाटं हळूहळू तव्याच्या रंगाची झाली. हात लावला की बोटं चिकटायची.

शोभा, म्हणजे माझी बायको, दर दिवाळीला म्हणायची, "अजी, या कपाटाचं काही करा ना."

मी दर दिवाळीला पेंटरला फोन करायचो. पेंटर दर दिवाळीला म्हणायचा, "कल पक्का, मास्साब!" (मी शाळेत शिकवतो. इथं मध्य प्रदेशात मास्तरांचं असं मास्साब होतं.) तो उद्या काही उजाडला नाही.

गेल्या डिसेंबरात शाळेला हिवाळी सुट्टी लागली आणि त्याच दिवशी शोभा कटंगीला गेली. मामाजींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. सहा दिवस माहेरी राहायचं आणि येताना त्यांना महिनाभरासाठी आमच्याकडं घेऊन यायचं, असा बेत होता. घरात उरलो मी आणि माझी माय. मायचं वय पंच्याहत्तर. तिला शुगर आहे, गुडघे दुखतात, पण नजर आणि जीभ दोन्ही एकदम धडधाकट.

शोभाची बस सुटली आणि माझ्या डोक्यात विचार आला, की ती यायच्या आत कपाटं आपणच रंगवून टाकावीत! मोबाईलवर मी एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात एक माणूस पांढराशुभ्र शर्ट घालून अख्खं स्वयंपाकघर रंगवतो, आणि शेवटपर्यंत शर्ट पांढराच राहतो. व्हिडिओ आठ मिनिटांचा होता. माझ्याकडं सहा दिवस होते.

"माय, मी कपाटं रंगवतो," मी जाहीर केलं.

माय तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "तुले येते?"

"त्यात काय यायचंय?"

"मंग ठीक आहे," माय म्हणाली. "मले बाहेरच्या खोलीत शेगडी मांडून दे. सहा दिवस मी तिथंच रांधतो."

आईचा आपल्यावर किती विश्वास आहे हे असं अचानक कळतं.

पेंटच्या दुकानात शेठनं विचारलं, "लकड़ी कौन-सी है, मास्साब?"

"सागवान."

त्यानं हातातला चहाचा कप खाली ठेवला. "सागवान पे कलर? अरे, पॉलिश करवा लो! सागवान को कोई पोतता है क्या?"

खरं तर इथंच मी परत फिरायला हवं होतं. पण मी व्हिडिओ पाहिलेला माणूस होतो! मी म्हणालो, "आजकल यही चलता है." आणि शेडकार्डावरचा एक फार नाजूक, सौम्य पिस्ता रंग निवडला. सोबत प्रायमर, भेगा बुजवायची लांबी, तारपीन, तीन ब्रश आणि रेगमाल, म्हणजे लाकूड घासायचा खरखरीत कागद. शेठनं सगळं पिशवीत भरलं आणि मला निरोप देताना तो जरा जास्तच हळवा झाला.

पहिल्या दिवशी कपाटं रिकामी केली. बालाघाटात आमच्या घराइतकी रहस्यं कुठल्याच घरात नसतील! शोभानं 'फुटले' म्हणून सांगितलेले काचेचे सहा कप वरच्या कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून सुखरूप होते. (माझे मित्र आले की ती स्टीलच्या पेल्यात चहा का देते, ते आता समजलं.) शाळेत ज्यांची झाकणं मी हरवली आणि कधी कबूल केलं नाही, ते माझे तीन डबे सापडले. ते मीच मागं सारून ठेवले होते, हेही आठवलं. आणि पोह्याच्या डब्याच्या मागं निघाली सोनपापडीची अर्धी पेटी.

"माय, हे काय?"

माय दारात येऊन उभी राहिली. पेटीकडं तिनं असं पाहिलं, जसं आयुष्यात पहिल्यांदाच पाहतेय. "शोभाची असंन."

"तुझ्या औषधाची चिठ्ठी आहे आत."

"मंग उंदरानं नेली असंन," असं म्हणून माय निघून गेली. जाताना पेटी मात्र सोबत घेऊन गेली.

मग मी दारं काढली. जुने स्क्रू हलेनात. खोबरेल तेल सोडलं, रॉकेल सोडलं, दोनदा स्वतःचा अंगठा सोलला. पण एकदा पेचकस हातात बसल्यावर असा वेग आला, की संध्याकाळपर्यंत दिसेल ते दार मी बिजागरीसकट खाली उतरवलं. सगळे स्क्रू एका डब्यात, सगळ्या बिजागऱ्या दुसऱ्या डब्यात, आणि सगळी दारं अंगणात भिंतीला टेकवून. काम कसं, एकदम पद्धतशीर!

दुसऱ्या दिवशी धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी करून मी दारं घासायला बसलो. पंचवीस वर्षांचं तेल निघायला लागलं. पाणी काळं झालं, मग मी काळा झालो, आणि खालून ते मूळचं पिवळं सागवान दिसायला लागलं. सुंदर दिसत होतं. क्षणभर शेठचे शब्द आठवले. पण पिस्ता रंगाचा डबा उघडून झाला होता. उघडलेला डबा परत देता येत नाही, या एका कारणानं जगात बरंच काही रंगवलं गेलं असेल.

तिसऱ्या दिवशी रेगमाल. इथं मी जे काम केलं त्याला तोड नाही. पुढची बाजू तर घासलीच, पण मागची बाजूही घासली, जी कुणी बघतही नाही. मागं, वरच्या कोपऱ्यात, जवळजवळ प्रत्येक दारावर शिसपेन्सिलीनं काहीतरी खरडलेलं होतं. ते मी विशेष मेहनत घेऊन साफ केलं.

माय उन्हात बसली होती. तिनं विचारलं, "काय लिवलं आहे रे ते?"

"काही नाही माय. घाण आहे."

"घाण ओळीनं असते काय?"

मी रेगमाल आणखी जोरात चालवला. कलाकारानं काम करताना बोलू नये.

चौथ्या दिवशी सकाळी प्रायमर, आणि प्रायमर सुकल्यावर दुपारी रंगाचा पहिला हात. पिस्ता रंग अंगणात उन्हात असा काही खुलला, की मी घरात जाऊन मायला हाताला धरून घेऊन आलो.

मायनं बराच वेळ पाहिलं. "चांगला आहे," ती म्हणाली. "सरकारी दवाखान्यात असाच आहे. जनरल वार्डात."

मी म्हणालो, "दुसरा हात दिला की बदलेल."

"मंग पराव्हेट वार्ड दिसंन काय?"

एवढं बोलून माय आंघोळीला गेली आणि दोन मिनिटांत आतून ओरडली, "अवो बाप्पा! न्हाणीत आजबी एवढा गार वारा काहून येऊन राह्यला?" मी म्हणालो, डिसेंबर आहे माय, यायचाच. आणि दारं सुकायला ठेवून मी हातपाय धुऊन जरा आडवा झालो.

तासाभरानं उठून बाहेर येतो तर काय! आमच्या शेजारच्या कमलाताईंचं शेत आहे किरनापूरकडं. त्यांनी त्या दुपारीच धानाची पोती उतरवून घेतली होती, आणि मोठा पंखा लावून रस्त्याच्या कडेला धान साफ करणं चालू होतं. पंख्याचं तोंड आमच्या अंगणाकडं. धान तिकडं पडत होतं, भुसा इकडं येत होता, आणि ओल्या रंगावर बसून तिथंच घर करत होता. माझ्या दारांना अंगभर लव फुटली होती!

"कमलाताई! पंखा! पंखा बंद करा!"

कमलाताईंनी पंखा बंद केला, जवळ आल्या, एका दारावरून हळूच बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "मास्तर, हे डिझाईन मस्त केलं जी तुम्ही! कशानं केलं?"

पाचवा दिवस भुसा काढण्यात गेला. पुन्हा रेगमाल, पुन्हा रंग. या वेळी दारं मी बाहेरच्या खोलीत मांडली. माय मधोमध शेगडीपाशी बसलेली आणि तिच्या चारी बाजूंनी पिस्ता रंगाची दारं. तारपिनाच्या वासानं त्या दिवशीच्या वरणालाही तारपीन लागलं. दोन घासांनंतर मायनं सोनपापडीची पेटी पुढं ओढली. मी ताटात मान घातली.

दारं सुकेपर्यंत सहावा दिवस उजाडला. सकाळीच शोभाचा फोन आला. "चार वाजताच्या बसनं येऊन राह्यलो. बाबा लई खूश आहेत. चष्मा लागल्यापासून त्यायले सगळं साफ दिसते. म्हणतात, पोरीच्या घरचे कपाटं पाह्यचे आहेत एकदा. किती वर्षं झाले म्हणतात."

मामाजींना सगळं साफ दिसतंय, ही बातमी ऐकून घाबरलेला जावई मीच पहिला असेन.

घाईघाईनं पहिलं दार उचललं, गॅसच्या खालच्या कपाटाला लावलं. बसेना. एक बोट मोठं. दुसरं लावलं. ते दोन बोटं लहान. तिसरं बसलं, पण बंद होईना. चौथं बंद झालं, पण उघडेना! अकराही कप्पे दिसायला सारखे आणि अकराही वेगवेगळे निघाले. कुठलं दार कुठलं, याची खूण मी कुठंच केली नव्हती. अकरा दारं अकरा जागी किती प्रकारांनी लावता येतात याचा मनातल्या मनात हिशेब केला आणि मला घाम फुटला. दुपारी दोनपर्यंत अकरापैकी तीन दारं कशीबशी बसली. आणि तरी माझ्या हाताशी नऊ उरली होती!

"माय, हे एक दार जास्त आहे."

"जास्त कसं असंन?"

"अगं अकरा कप्पे आहेत, आणि दारं बारा!"

"कमलेकडचं उडून आलं काय?" माय म्हणाली.

आणि मग मी ती गोष्ट केली, जी सांगताना अजूनही माझे कान तापतात. गॅसच्या खालचा कप्पा दारातून येणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी दिसतो. निदान तेवढा तरी झाकावा म्हणून मी कमलाताईंकडून रंधा मागून आणला आणि त्या एक बोट मोठ्या दाराची कड तासायला घेतली. पहिली पिस्ता रंगाची साल निघाली. त्याखालून पिवळं सागवान निघालं. मी तासत राहिलो.

"अरे, थांब ना," माय म्हणाली. "ज्यानं बनवलं तो येऊन राह्यला. त्याले इचार."

"त्यांना कळायच्या आत बसवायचंय, माय!"

दार बसलं. अगदी फिट्ट बसलं. मी घाम पुसला आणि तेवढ्यात फाटकासमोर ऑटो थांबला.

शोभा आत आली, पिशवी हातातच. स्वयंपाकघरात चार कप्प्यांना दारं होती, सात उघडे होते. जमिनीवर दारं, स्क्रू, ब्रश. तिचे काचेचे सहा कप ओट्यावर ओळीनं मांडलेले. तिनं आधी कपांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि मग तिला दारांचा रंग दिसला.

"काय केलं जी हे तुम्ही!"

"सरप्राईज," मी म्हणालो. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

तिच्या मागून मामाजी आले. नवा चष्मा, पांढरा सदरा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांनी जमिनीवरचं एक दार उचललं, पुढून पाहिलं, मग उलटं करून वरचा कोपरा पाहिला. दुसरं उचललं, तिथंही कोपरा पाहिला. मग विचारलं, "जवाईबापू, नंबर कुठं गेले?"

"कसले नंबर, मामाजी?"

"मी पेन्सिलीनं लिवले होते ना. एक ते अकरा. तुमच्या घराच्या भिंती वाकड्या आहेत. एक बी कप्पा दुसऱ्यासारखा नाही. म्हणून एकेक दार त्या-त्या कप्प्याच्या मापानं बनवलं, अन् मांगं नंबर टाकला. कधी काळी कोणी काढलं तं लावता यावं."

मायनं माझ्याकडं पाहिलं. "घाण होती ती," ती मामाजींना म्हणाली. "यानं घासून काढली."

मामाजी खाली बसले. मला वाटलं, आता उठतात आणि परतीच्या बसची वेळ विचारतात. शोभाचे डोळे भरून आले होते. बापानं महिनाभर खपून केलेलं काम, आणि मी सहा दिवसांत त्याचं हे केलेलं! मी म्हणालो, "मामाजी, चुकलं माझं. मला वाटलं, तुमची कपाटं नव्यासारखी दिसावीत."

मामाजींनी चष्मा काढून खिशात ठेवला. एक दार मांडीवर घेतलं आणि डोळे मिटून त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. "हे खिडकीपासचं. इथं गाठ होती लाकडात, लई त्रास दिला होता तिनं." दुसरं घेतलं. "हे वरचं, डाव्या हातचं." शोभा पुसत होती, मी उचलून देत होतो, मामाजी अंगठ्यानं वाचत होते. मी आधी बसवलेली तीनही त्यांनी उतरवायला लावली. तीनही चुकीच्या जागी होती!

एका दारावर त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी डोळे उघडले. "हे मी नाही बनवलं."

"मी म्हटलं होतं ना, एक जास्त आहे!" मी म्हणालो. सहा दिवसांत माझं पहिलंच विधान खरं ठरत होतं.

"हे न्हाणीच्या खिडकीचं झडप आहे जी!" शोभा किंचाळली.

"तवाच!" माय उठून उभी राहिली. गुडघे दुखणारी बाई अशी उठलेली मी पाहिली नव्हती. "पाच दिवस मी आखडत आंघोळ करून राह्यली, अन् हा म्हणे डिसेंबर आहे!"

सगळ्यात शेवटी गॅसच्या खालचं ते फिट्ट बसलेलं दार उरलं. ते गॅसखालचं नव्हतंच. ते धान्याच्या कप्प्याचं होतं, आणि आता तिथं बोटभर फट पडणार होती. मामाजींनी तासलेली कड पाहिली.

"रंधा कोणाचा?"

"शेजारच्यांचा."

"धार नाही त्याले," मामाजी म्हणाले. मग माझा सोललेला अंगठा पाहिला. "अन् हाताले बी नाही."

आणि ते हसायला लागले. आधी ते, मग माय, मग डोळे पुसत शोभा. मी शेवटी हसलो, कारण माझी हसायची वेळ आली आहे की नाही याची मला खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी मामाजींनी सागवानाची एक पट्टी मागवली, तासली आणि त्या दाराला जोडली. जोड आजही सापडत नाही. डॉक्टरांनी वाकायला, वजन उचलायला मनाई केली होती म्हणून उचलायचं काम माझं, सांगायचं त्यांचं. दोन दिवस घरात ठोकाठोक चालली होती. शोभा म्हणाली, बाबा कितीतरी दिवसांनी असे शिट्टी वाजवत बसलेत. मी रंगाबद्दल पुन्हा माफी मागितली, तर म्हणाले, "सागवानाले रंग मारत नाही कोणी, हे खरं. पण माहीही चूक आहे. तुमची घरभरणीची तारीख जवळ होती, मी घाईत एकच हात पॉलिश मारला. दोन मारले असते तं एवढं काळं झालं नसतं." ही गोष्ट पंचवीस वर्षं त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. मग आम्ही दोघांनी मिळून दारांच्या आतल्या बाजूचा पिस्ता रंग काढला आणि तिथं पॉलिश केलं. त्यामुळं आता आमची कपाटं बंद असली की दवाखाना आणि उघडली की मामाजींचं काम. शोभा दिवसभर ती उघडीच ठेवते.

सुट्टी संपली आणि मी शाळेत गेलो. नखांच्या कडेला अजून पिस्ता रंग होता. आठवीचा वर्ग, गणिताचा तास, विषय आयताची लांबी-रुंदी. मी फळ्यावर एक झकास चौकट काढली, मापं लिहिली आणि नेहमीच्या आत्मविश्वासानं शिकवायला सुरुवात केली. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला.

"सर, ये नापना-वापना असली ज़िंदगी में कहाँ काम आता है?"

बावीस वर्षांच्या नोकरीत या प्रश्नाचं उत्तर मला पहिल्यांदाच येत होतं! मी खडू खाली ठेवला, हात खिशात घातले आणि म्हणालो, "बेटा, ये सवाल परीक्षा में नहीं आएगा. पन्ना पलटो."